मागची उजवी काच

१

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार म्हणजे विलास देवस्थळींच्या घरात एक सणच. त्या दिवशी गाडीला विंटर टायर्स चढायचे. एकाहत्तर साली पुण्याहून टोरांटोला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांची गाडी बर्फावर भिंगरीसारखी फिरून रस्त्याकडेच्या चरात गेली होती. तेव्हापासून पन्नासहून जास्त वर्षांत हा शनिवार त्यांनी एकदाही चुकवला नव्हता.

टायर मेकॅनिककडे बदलून व्हायचे, पण बाकीची तयारी ते एटोबिकोच्या घरासमोर, ड्राइव्हवेमध्ये स्वतः करायचे. त्यासाठी एक यादी होती. ते वीज कंपनीतून इंजिनियर म्हणून रिटायर झाले होते, आणि ती यादीही ड्रॉइंगवर लिहावीत तशा सुबक अक्षरांत होती. उणे चाळीसला न गोठणारं काच धुवायचं पाणी, बूस्टर केबल्स, छोटं फावडं, ब्लँकेट, मेणबत्ती, काडेपेटी, चाकं रुतली तर खाली टाकायला मांजराच्या लिटरची, म्हणजे ओल शोषणाऱ्या खड्यांची पिशवी. आणि शेवटी, नीलिमाच्या अक्षरात, ‘चिक्की’.

“रस्त्यात अडकलो तर चिक्की खाऊन जगणार आपण?” विलासनी दरवर्षीप्रमाणे विचारलं.

“तुम्ही जगाल. माझे दात आता राहिलेत कुठे?” नीलिमा दरवर्षीप्रमाणे म्हणाली.

त्या वर्षी फक्त एक गोष्ट वेगळी होती. जानेवारीत विलासना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. ऐंशीनंतर लायसन्स रिन्यू करायचं तर डोळे तपासायचे, एका वर्गात जाऊन बसायचं आणि डोकं ठिकाणावर आहे हे दाखवायला तिथे कागदावर घड्याळाचं चित्र काढायचं. मुलगा पुष्कर व्हिटबीला राहायचा. त्याचा त्याच दिवशी फोन आला.

“बाबा, मी काय म्हणतो, या विंटरला ड्रायव्हिंग बंदच करा ना. आम्ही येत जाऊ तुमच्याकडे.”

“का? मला काय झालंय?”

“काही झालं नाहीये. पण मागच्या महिन्यात किटली गॅसवर तशीच राहिली होती. अबोलीला तुम्ही दोनदा प्रभा म्हणालात.”

प्रभा ही विलासची धाकटी बहीण. नातीचं नाक अगदी तिच्यासारखं होतं, म्हणून तोंडातून नाव गेलं असणार. विलासनी हे पुष्करला सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र ते बराच वेळ ड्राइव्हवेमध्ये उभे राहिले. आयुष्यभर सबस्टेशनचे आराखडे काढलेल्या माणसाला आता घड्याळ काढून दाखवायचं होतं. त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला ते जमेल की नाही याची त्यांना मनातून खात्री वाटत नव्हती.

२

पहिली कडक थंडी नोव्हेंबर संपता संपता पडली. सकाळी ग्रोसरीला जायचं म्हणून विलास बाहेर आले, तर गाडीच्या सगळ्या काचांवर फ्रॉस्ट, गोठलेल्या दवाचा पांढरा थर, बसला होता. त्यांनी स्क्रेपर घेतला आणि समोरची काच, मागची काच, बाजूच्या काचा असं क्रमानं खरवडत गेले. मागची उजवी काच खरवडली, तरी ती पांढरीच राहिली.

त्यांनी पुन्हा स्क्रेपर फिरवला. तो गुळगुळीत काचेवरून नुसता घसरला. फ्रॉस्ट आतल्या बाजूला होता.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. बंद गाडीत ओलावा राहिला की तो रात्री काचेवर आतून गोठतो. बुटांबरोबर आलेला बर्फ, ओल्या मॅट्स, दाराचं सैल झालेलं रबर, काहीही कारण असू शकतं. एखादा माणूस रात्रभर बंद गाडीत श्वास घेत बसला तरी असंच होतं. त्यांनी मॅट्स काढून बेसमेंटमध्ये वाळत घातल्या आणि दाराचं रबर बोटानं दाबून तपासलं. रबर ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी फक्त तीच एक काच आतून पांढरी होती. तिसऱ्या दिवशीही तसंच.

मग त्यांनी एक जुना उपाय केला. दोन जुन्या मोज्यांत मांजराचं लिटर भरलं, गाठी मारल्या आणि ते मोजे मागच्या उजव्या सीटवर ठेवले. लिटर ओलावा ओढून घेतं. सकाळी पाहिलं, तर मोजे खाली, पाय ठेवायच्या जागेत होते. घरंगळून पडले म्हणावं, तर अगदी शेजारी शेजारी, नीट लावून ठेवल्यासारखे होते. सीटवर कुणाला बसायचं असेल आणि त्यानं मधली वस्तू बाजूला करावी, तसे.

‘मीच खाली ठेवले असणार,’ विलासना वाटलं. आणि पाठोपाठ वाटलं, ‘मग मला आठवत का नाही?’

त्या संध्याकाळी त्यांनी मोजे पुन्हा सीटवर ठेवले आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहिलं, ‘मोजे सीटवर. ४ वाजून १० मिनिटं.’ दुसऱ्या दिवशी मोजे खाली होते. वहीत मात्र त्यांच्याच सुबक अक्षरात ‘सीटवर’ असं लिहिलेलं होतं. थंडीत उभं राहून त्यांनी ती ओळ चार वेळा वाचली. आता एकतर वही खोटी होती, नाहीतर त्यांचं डोकं.

नीलिमाला काही सांगावं असं त्यांना वाटलं नाही. तिला सांगितलं असतं तर पुष्करला कळलं असतं, आणि पुष्करला कळलं असतं तर किल्ल्या गेल्या असत्या.

३

एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी ते दोघं पुष्करकडे जेवायला जायचे. एटोबिकोहून ४०१ हायवे धरला, नॉर्थ यॉर्क, स्कारबरो, पिकरिंग, एजॅक्स मागे टाकलं की व्हिटबी. तासाभराचा रस्ता. नीलिमा शेजारच्या, म्हणजे तिकडच्या गाड्यांत उजव्या सीटवर बसायची आणि सगळा वेळ बोलायची. कुणाच्या बेसमेंटमध्ये पाणी आलं, कुणाच्या मुलीनं मॉन्ट्रियलमध्ये कॉन्डो घेतला, दुकानात मिळते ती मेथी आताशा कडूच कशी निघते. विलास ‘हं’ म्हणायचे आणि गाडी चालवायचे. पन्नास वर्षं असंच चाललं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मात्र ती गप्प होती. विलासच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष त्या काचेकडे होतं. हीटर जोरात चालू होता, गाडी उबदार झाली होती, सगळ्या काचा स्वच्छ होत्या. तीच एक पांढरी होती. उजवीकडच्या लेनमध्ये जाताना खांद्यावरून मागे पाहावं लागतं, तेव्हा ती दिसायचीच. नीलिमाच्या सीटच्या बरोबर मागे.

पिकरिंग गेलं. एजॅक्सच्या जरा अलीकडे त्यांनी लेन बदलायला मान वळवली, आणि त्या पांढऱ्या काचेवर एक गोल स्वच्छ झालेला दिसला. तळहाताएवढा. बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे येईल तेवढ्या उंचीवर. बाहेर बघायला काच पुसावी तसा.

गाडी किंचित हलली. मागच्यानं हॉर्न दिला. विलासनी नजर समोर आणली, स्टिअरिंग घट्ट धरलं. ‘उष्णता सगळीकडे सारखी पसरत नाही,’ ते स्वतःला म्हणाले. ‘एखाद्या जागी आधी वितळतं.’ थोडं पुढे जाऊन त्यांनी पुन्हा पाहिलं, तर तो गोल हळूहळू पांढरा होत मिटत चालला होता.

नीलिमानं हात पुढे करून हीटरचा पंखा आणखी वाढवला. त्याची घरघर गाडीभर झाली.

“गरम होत नाहीये का तुला?” विलासनी विचारलं.

“असू दे,” ती म्हणाली.

त्यानंतरच्या फेरीतही गोल तिथेच पडला. एजॅक्सच्या अलीकडे, त्याच पुलाच्या आसपास. या वेळी पंखा मोठा व्हायच्या आधी विलासनी आवाजही ऐकला. ओल्या काचेवरून लोकरीची बाही फिरवल्यावर होतो तसला. एकदा, दोनदा, आणि मग शांत.

त्या दिवशी जेवताना पुष्करनं विचारलं, “बाबा, भात वाढू का? तिसऱ्यांदा विचारतोय.” सून सुरुची पुष्करकडे पाहून हळूच मान हलवत होती. विलासना ते दिसलं.

४

नाताळ झाल्यावर एका दुपारी विलासनी ठरवलं की एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. इंजिनियरला शंका आली तर त्यानं प्रयोग करावा. बाहेर उणे चौदा होतं. नीलिमा स्वयंपाकघरात होती. ते कोट, टोपी, हातमोजे घालून बाहेर पडले आणि गाडीच्या मागच्या सीटवर, डाव्या बाजूला जाऊन बसले. दार लावून घेतलं.

दोन्ही काचा त्यांनी आधी आतून पुसून कोरड्या केल्या होत्या. आता बसल्या बसल्या श्वास सोडला की डावी, म्हणजे त्यांच्या बाजूची काच धुरकट व्हायला हवी. उजवी त्यामानानं स्वच्छ राहायला हवी. हिशेब सोपा होता.

बंद गाडीतली शांतता घरातल्यासारखी नसते. कापूस कोंबल्यासारखी असते. बाहेरून शेजाऱ्याचा बर्फ उडवायचा स्नोब्लोअर ऐकू येत होता, पण फार लांबून आल्यासारखा. सीटचं कापड थंडीनं कडक झालं होतं. काही मिनिटांत डाव्या काचेवर धूसर डाग पडला. ठरल्याप्रमाणे.

मग त्यांनी उजवीकडे पाहिलं. ती काच डावीपेक्षा जास्त पांढरी झाली होती.

‘दार नीट लागलं नसेल,’ ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कारण आवाज ऐकावासा वाटला. आणि मग, का कोण जाणे, त्यांनी श्वास रोखला.

उजव्या काचेवरचा धूसर डाग वाढला. थांबला. कडेनं थोडा विरला. पुन्हा वाढला. थांबला. विरला. विलासनी श्वास धरूनच ठेवला होता. दोघांमधली सीट रिकामी होती, आणि त्यापलीकडची सीटही रिकामी होती, फक्त तिचं कापड खाली दबलेलं होतं. काचेवरचा डाग वाढत आणि विरत राहिला. थकलेल्या माणसाचा श्वास चालावा तसा. त्याला कसलीच घाई नव्हती.

दाराचा खटका त्यांना पहिल्यांदा सापडला नाही. दुसऱ्यांदा सापडला. ते बाहेर पडले ते गुडघ्यांवरच, बर्फात.

स्वयंपाकघराच्या खिडकीत नीलिमा उभी होती. ते आत आले तेव्हा तिनं चहाचा कप पुढे केला.

“मागे काय करत होता?”

“मोजे शोधत होतो.”

तिनं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. कप बशीवर किणकिणत होता. ‘हिला कळलं,’ विलासना वाटलं. ‘माझं डोकं चाललंय हे हिला कळलंय, आणि आता ही पुष्करला सांगणार.’ त्या रिकाम्या सीटपेक्षाही त्यांना या विचाराचीच भीती जास्त वाटली.

५

जानेवारीतला पहिला रविवार. लायसन्सचा वर्ग पुढच्या गुरुवारी होता. सकाळपासून बर्फ भुरभुरत होता, रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकणाऱ्या गाड्या फिरत होत्या. पुष्करनं ‘आज नका येऊ’ म्हणून मेसेज पाठवला होता. त्याला उत्तर म्हणूनच विलास निघाले होते.

स्कारबरोनंतर बर्फ वाढला. पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. विलासनी वेग कमी केला. विंटर टायर्सची पकड चांगली होती, हात स्थिर होते. मागे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण एजॅक्स जवळ येताना उजवीकडे जायलाच हवं होतं.

त्यांनी मान वळवली. काच पांढरी होती. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, त्या पांढऱ्यावर, एक गोल पुसला गेला. बाहीच्या त्या ओल्या आवाजासकट. मग पुन्हा. मग पुन्हा, घाईघाईनं, स्टॉप निघून जाईल अशी धास्ती वाटल्यासारखा.

“गाडी बाहेर घ्या,” नीलिमा म्हणाली.

“काय?”

“एक्झिट घ्या. ही. घ्या म्हणते ना!”

पन्नास वर्षांत तिनं त्यांना गाडी कशी चालवायची ते सांगितलं नव्हतं. त्यांनी सिग्नल दिला आणि एक्झिट घेतली. खाली उतरल्यावर उजव्या हाताला एक बंद पडलेलं फर्निचरचं दुकान होतं. त्याचं पार्किंग पूर्ण रिकामं आणि पांढरं होतं. तिनं बोट दाखवलं तिथे त्यांनी गाडी उभी केली.

नीलिमानं सीटबेल्ट सोडला. टोपी सारखी केली. पंचाहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली, दाराला धरत धरत बर्फात उतरली आणि तिनं मागचं उजवं दार उघडलं. पूर्ण उघडलं, आणि तशीच बाजूला उभी राहिली.

“आलं हो,” ती म्हणाली. पाहुण्याला म्हणावं तसं. “उतरा आता. इथेच होतं ना तुम्हाला उतरायचं?”

थंड वारा गाडीत शिरला. काहीच झालं नाही. विलास स्टिअरिंग धरून आरशात पाहत होते. नीलिमा उभी होती, खांद्यांवर बर्फ साचत होता.

मग गाडी वर आली. फार नाही, बोटभर. मागच्या बाजूनं, उजवीकडून. मागे बसलेला माणूस उतरला की येते तेवढीच.

आणि विलासनी पाहिलं. उघड्या दाराबाहेर बर्फ पडत होता, आणि पडता पडता, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, थोडासा बर्फ हवेत टेकला. क्षणभर. दोन बाजूंना उतरतं, मध्ये जरा उंच असं काहीतरी. मग ते पुढे सरकलं, नीलिमाच्या अगदी जवळून गेलं, आणि पुढच्या पांढऱ्यात त्याचं काही कळेना.

नीलिमानं दार लावलं आणि पुढे येऊन बसली.

६

वायपर्स हलत होते. मागच्या उजव्या काचेवरून पाण्याचा एक ओघळ खाली आला, मग दुसरा. आतला फ्रॉस्ट विरघळत होता.

“तुला दिसलं?” विलासनी विचारलं.

“दिसलं.”

“बर्फ टेकला तो?”

“दिसलं म्हटलं ना. माझ्या बाहीला लागून गेलं.”

“म्हणजे तुला...” ते तिच्याकडे वळले. “कधीपासून?”

“थंडी पडल्यापासून. माझ्या सीटला मागून गुडघे लागायचे हो. आपण लांब पाय दुमडून बसलो की लागतात तसे. आणि तो काच पुसल्याचा आवाज. तो ऐकू येऊ नये म्हणून मी पंखा मोठा करायची.”

“मग सांगितलं का नाहीस?”

नीलिमानं हातमोजे काढले आणि मांडीवर ठेवले. “माझ्या आईला शेवटी शेवटी असंच व्हायचं. घरात कुणीतरी बसलंय, त्याला पाणी द्या, म्हणायची. मला वाटलं, माझी वेळ आली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पुष्करला सांगितलं असतं. मग ते मला वृद्धाश्रमात, होमबिममध्ये ठेवा म्हणाले असते.”

विलासनी हीटरचा पंखा बारीक केला.

“आज इथे दार उघडायचं कसं सुचलं?”

“सहा आठवडे एक माणूस त्याच ठिकाणी काच पुसून बाहेर बघतोय. त्याला काय हवं असेल? आज तर अगदी घाईघाईनं पुसत होता.”

“आणि मोजे? ते तू खाली ठेवायचीस?”

“कुठले मोजे?”

“लिटरचे. सीटवर ठेवलेले.”

“मी हातसुद्धा लावला नाही.”

“मीही खाली ठेवले नाहीत!” विलास म्हणाले. आणि हसायला लागले. असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. गाडीत सहा आठवडे काय बसलं होतं, कुठून चढलं होतं, यातलं काहीही त्या क्षणी त्यांना महत्त्वाचं वाटत नव्हतं. वही खोटी नव्हती. डोकं ठिकाणावर होतं. दोघांचंही.

“वेडे आहात का?” नीलिमा म्हणाली, आणि तीही हसायला लागली. मग रडली थोडी. मग म्हणाली, “चला, सुरुचीनं मटार उसळ केली असेल. गार होईल.”

७

व्हिटबीला विलासनी तीन वाट्या उसळ खाल्ली आणि सोफ्यावर आडवे होऊन असे घोरले की अबोलीनं विचारलं, “Is Ajoba okay?” स्वयंपाकघरातून नीलिमाचा आवाज आला, “छान आहेत. झोपू दे.” पुष्कर लायसन्सबद्दल काही बोलायला गेला, तर ती म्हणाली, “गुरुवारी जे व्हायचं ते होईल. बाबांच्या डोक्याची काळजी तू करू नकोस. ती मी केली आहे.”

परत निघाले तेव्हा बर्फ थांबला होता. पाच वाजायच्या सुमाराला दिवे लागले होते, हायवे काळा आणि ओला चकाकत होता. एजॅक्सचा पूल आला. दोघंही समोर पाहत राहिले. नीलिमानं फक्त एकदा पाठ सीटला नीट टेकवून पाहिली, आणि हळूच श्वास सोडला.

मग ती बोलायला लागली. सहा आठवड्यांचं तुंबलेलं बोलणं होतं ते. सुरुचीची आई मार्चमध्ये येणार आहे, तिला कुठली खोली देणार. अबोलीचा कुणी मित्र आहे, तो शाकाहारी आहे म्हणे, नाव सांगत नाही. मंडळाच्या संक्रांतीला या वेळी हॉल मिळाला नाही. शेजारचा तो स्नोब्लोअर, तो सकाळी सातला कशाला सुरू करतो माणूस? विलासनी नुसतं ‘हं’ म्हटलं नाही. प्रश्न विचारले. मित्राचं नाव काय असेल यावर त्यांनी स्वतः तीन अंदाज केले.

“अहो!” नीलिमा एकदम म्हणाली. “इस्लिंग्टन गेलं!”

त्यांनी आरशात पाहिलं. एक्झिटचा फलक मागे पडून लहान होत होता. पन्नास वर्षं ते ज्या एक्झिटनं घरी जात होते, ती आज बोलण्याच्या नादात चुकली होती.

“जाऊ दे,” विलास म्हणाले. “पुढची घेऊ. तू सांग, शाकाहारी म्हणजे अंडं खातो की नाही?”